पोलीस निलंबित झाला, मग पुढे काय होतं?

कोठडीत मारहाण झाल्याचा आरोप होतो, लाच घेताना कुणी सापडतं, फिर्याद घ्यायला टाळाटाळ केली म्हणून लोक पोलीस ठाण्यासमोर ठिय्या देतात आणि संध्याकाळपर्यंत बातमी येते, 'दोन पोलीस निलंबित, खातेनिहाय चौकशीचे आदेश'. ठिय्या उठतो. ज्याला मार बसला त्याच्या घरच्यांनाही वाटतं की कारवाई झाली. पण त्या संध्याकाळी कुणालाही शिक्षा झालेली नसते. चौकशी होईपर्यंत माणसाला कामावरून बाजूला ठेवलं, एवढाच त्या आदेशाचा अर्थ. पुढचं सगळं बंद दाराआड होतं, त्यामुळे ते कसं चालतं हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. महाराष्ट्र पोलिसांपुरतं ते इथे सोपं करून सांगतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. खातेनिहाय चौकशी हा सरकार आणि सरकारचा नोकर यांच्यातला मामला आहे. नोकराने नोकरीचे नियम मोडले का, मोडले असतील तर त्याला काय शिक्षा द्यायची, एवढंच त्यात ठरतं. ज्याच्यावर अन्याय झाला तो नागरिक या मामल्यात पक्षकार नसतो. फार तर साक्षीदार असतो. माझ्या मते या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे आणि लोकांची सगळ्यात मोठी फसगतही इथेच होते.

निलंबन, बदली आणि 'कंट्रोलला जमा'

बातमीत बऱ्याचदा 'नियंत्रण कक्षाशी संलग्न' किंवा 'मुख्यालयात बदली' असे शब्द असतात. या दोन्ही प्रशासकीय सोयी आहेत. पगार पूर्ण चालू राहतो, सेवापुस्तकात शिक्षेची नोंद होत नाही.

निलंबन त्याहून कडक आहे, पण चौकशी प्रलंबित ठेवून केलेलं निलंबन ही कायद्याच्या नजरेत शिक्षा नाही. माणूस खुर्चीवर राहिला तर साक्षीदारांवर दबाव आणेल, कागद बदलेल, म्हणून त्याला दूर ठेवायचं, हा त्यामागचा हेतू. या काळात त्याला निर्वाह भत्ता मिळतो. तो अर्धवेतनी रजेच्या पगाराइतका असतो आणि त्यावर महागाई भत्ता. तीन महिने उलटले आणि दिरंगाई त्याच्यामुळे झालेली नसेल, तर हा भत्ता आणखी निम्म्याने वाढवता येतो. म्हणजे निम्म्या पगाराचा पाऊण होतो. दिरंगाई त्यानेच केली असेल तर भत्ता कमीही करता येतो. सरकारी नोकर ४८ तासांहून जास्त काळ कोठडीत राहिला तर तो निलंबित झाल्याचं आपोआप मानलं जातं.

निलंबन वर्षानुवर्षं लटकत ठेवायची जुनी खोड सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी खटल्यात मोडायचा प्रयत्न केला. तीन महिन्यांत दोषारोपपत्र, म्हणजे खात्याने ठेवलेल्या आरोपांचा लेखी कागद, दिलं नाही तर निलंबन पुढे चालू ठेवू नये, असं तो निकाल सांगतो. महाराष्ट्र सरकारने ९ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने ९० दिवसांत दोषारोपपत्र बजावण्याच्या सूचना दिल्या. याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. निरपराध माणूस लवकर सुटतो. पण वरिष्ठांनी मुद्दाम किंवा आळसाने दोषारोपपत्र काढलंच नाही, तर ज्याच्यावर गंभीर आरोप आहे तोही चौथ्या महिन्यात पुन्हा गणवेश चढवू शकतो. 'अमक्याला परत कामावर घेतलं' ही बातमी वाचून लोक चिडतात, त्यामागे अनेकदा हे कारण असतं.

उलट टोकाचं उदाहरण मुंबईचं आहे. ख्वाजा युनूस कोठडीमृत्यू प्रकरणात सहायक निरीक्षक सचिन वाझे २००४ मध्ये निलंबित झाले. २००७ मध्ये त्यांनी दिलेला राजीनामा स्वीकारला गेला नाही. जून २०२० मध्ये त्यांना पुन्हा सेवेत घेतलं गेलं, तेव्हा त्या मृत्यूचा खटला निकाली निघालेला नव्हता. मे २०२१ मध्ये, दुसऱ्याच प्रकरणात अटक झाल्यानंतर, त्यांना चौकशीशिवाय बडतर्फ करण्यात आलं. सोळा वर्षांचं निलंबन आणि मग अटकेनंतर काही आठवड्यांत बडतर्फी, या दोन्ही गोष्टी एकाच नियमचौकटीत कशा बसल्या? त्यासाठी संविधानाच्या कलम ३११ कडे जावं लागतं.

थेट बडतर्फ का करत नाहीत?

कलम ३११ सरकारी नोकराला दोन संरक्षणं देतं. ज्याने नेमणूक केली त्याच्यापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला त्याला बडतर्फ करता येत नाही. म्हणून शिपायाला जिल्ह्याचा अधीक्षक घरी पाठवू शकतो, निरीक्षकाला नाही. दुसरं संरक्षण असं की आरोप काय आहेत हे सांगून आणि म्हणणं मांडायची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याशिवाय बडतर्फी, सेवेतून काढणं किंवा पदावनती करता येत नाही.

या संरक्षणावर सर्रास टीका होते, आणि पोलिसांच्या दांडगाईला बळी पडलेल्या माणसाचा तो राग मला समजतो. तरीही हे कलम हवंच, असं माझं ठाम मत आहे. वरून तोंडी हुकूम येतो की अमक्याला उचला, तमक्याचं नाव फिर्यादीतून वगळा. तो हुकूम न मानणाऱ्या हवालदाराच्या पाठीशी उभं राहणारं दुसरं काही नाही. हे संरक्षण काढलं तर पहिला बळी त्याचाच जाईल.

चौकशीला फाटा द्यायच्या तीन वाटा त्याच कलमात आहेत. फौजदारी खटल्यात दोषी ठरल्यावर त्या वर्तनावरून बडतर्फ करता येतं. राज्याच्या सुरक्षिततेसाठी चौकशी इष्ट नाही अशी राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची खात्री झाली तर तसं करता येतं. आणि चौकशी घेणं व्यवहार्यच नाही असं अधिकाऱ्याचं मत झालं, तर ते कारण लेखी नोंदवून. वाझेंची बडतर्फी या तिसऱ्या वाटेने झाली. तुलसीराम पटेल खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वाटा वैध ठरवल्या, पण बजावलंही की आपली बाजू लंगडी आहे म्हणून चौकशी टाळण्यासाठी तिसरी वाट धरायची नाही. साक्षीदार दहशतीखाली आहेत, असं नुसतं लिहून भागत नाही, ते कशावरून हे दाखवावं लागतं. जसवंतसिंग या पंजाब पोलिसांतल्या कर्मचाऱ्याची अशी बडतर्फी पुराव्याअभावी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. लोकक्षोभ शमवण्यासाठी घाईने काढलेला आदेश पुढे रद्द होतो, आणि तो माणूस थकबाकीसह परत येऊ शकतो.

चौकशीच्या खोलीत

कुणाला कोणता नियम लागू होतो हे पदावर ठरतं. शिपायापासून निरीक्षकापर्यंत महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधलं कलम २५ आणि १९५६ चे शिक्षा व अपिलांचे नियम. उपअधीक्षकांसारख्या राज्य सेवेतल्या अधिकाऱ्यांना १९७९ चे शिस्त व अपील नियम. आयपीएस अधिकाऱ्यांना अखिल भारतीय सेवांचे १९६९ चे नियम लागतात, आणि त्यांना बडतर्फ करण्याचा अधिकार राज्याकडे नसून केंद्राकडे आहे.

समजा, एका तरुणाला रात्री ठाण्यात आणलं, ठाणे दैनंदिनीत नोंद केली नाही, मारहाण केली आणि सकाळी सोडून दिलं. त्याने अधीक्षकांकडे लेखी तक्रार दिली. आधी प्राथमिक चौकशी होते. एखादा उपअधीक्षक जबाब घेतो, दैनंदिनी पाहतो, दवाखान्याचे कागद मागवतो आणि कसुरी अहवाल, म्हणजे कुणाची काय चूक झाली याचा अहवाल, पाठवतो. तथ्य दिसलं तर दोषारोपपत्र निघतं. बरीच प्रकरणं याच टप्प्यावर कमकुवत होतात, कारण दोषारोपपत्र कसं लिहिलंय यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. 'आपण बेशिस्त व बेजबाबदार वर्तन करून खात्याची प्रतिमा मलीन केली' असं मोघम लिहिलं की ते पुढे शिक्षेविरुद्ध दाद मागितली जाते त्या न्यायाधिकरणात उभंच राहत नाही. अमुक तारखेला रात्री अमुक वाजता अमुक नावाच्या इसमाला कोणत्या गुन्ह्यात आणलं, नोंद का केली नाही, कुणी कशाने मारलं, याला साक्षीदार कोण आणि कागद कोणते, हे सगळं त्यात यावं लागतं. आरोप स्पष्ट नसेल तर त्याला उत्तर देणंही शक्य नाही, म्हणून न्यायालयं याबाबतीत कडक आहेत.

मग चौकशी अधिकारी नेमला जातो. खात्याची बाजू सादरकर्ता अधिकारी मांडतो, कसुरदाराला, म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे त्या पोलिसाला, बचावासाठी सहकाऱ्याची मदत घेता येते. चौकशी अधिकारी निःपक्ष असावा लागतो. उत्तर प्रदेशातल्या मोहम्मद नूह या हेड कॉन्स्टेबलच्या प्रकरणात चौकशी करणाऱ्या अधीक्षकाने मध्येच स्वतःची साक्ष नोंदवली आणि पुन्हा चौकशी अधिकारी म्हणून बसून निर्णय दिला होता. न्यायाधीशानेच साक्षीदार होणं हा नैसर्गिक न्यायाचा भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सांगितलं.

आता त्या तरुणाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. साक्षीसाठी त्याला पोलिसांच्याच कार्यालयात बोलावतात. टेबलापलीकडे पोलीस अधिकारी, बाजूला सादरकर्ता पोलीस, समोर ज्याने मारलं तोच हवालदार आणि त्याच्या मदतीला आणखी एक पोलीस. खोलीतला एकमेव साधा कपड्यातला माणूस हाच. उलटतपासणी त्याची होते. दोन वर्षांपूर्वीच्या रात्री दिवा कुठे होता, काठी कोणत्या हातात होती, हे त्याला विचारलं जातं. त्याला त्याच गावात राहायचंय, त्याच ठाण्याच्या हद्दीत. असा साक्षीदार 'मला नीट आठवत नाही' म्हणाला तर त्याला दोष देता येत नाही.

चौकशी संपली की अहवाल तयार होतो. त्याची प्रत कसुरदाराला देऊन त्याचं म्हणणं घेणं बंधनकारक आहे, हे १९९३ च्या करुणाकर खटल्यापासून पक्कं झालं. त्यानंतरच अंतिम आदेश निघतो. तरुणाला मात्र या अहवालाची प्रत देण्याचं बंधन नाही.

कोर्टातून सुटला, तरी नोकरी गेली?

हो, असं होऊ शकतं आणि ते बेकायदेशीर नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. खातेनिहाय चौकशीत 'असं घडलं असण्याचीच शक्यता जास्त आहे' एवढं दिसलं तरी पुरतं. पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियमही तिथे तसेच्या तसे लागत नाहीत. एकाच कृत्यासाठी दोनदा शिक्षा नको, हे संविधानातलं तत्त्व फौजदारी शिक्षेपुरतं आहे. त्यामुळे खटला आणि चौकशी एकाच वेळी चालू शकतात.

तमिळनाडूतलं सामुथिरम प्रकरण याचं चांगलं उदाहरण आहे. १९९९ मध्ये बंदोबस्तासाठी पाठवलेल्या एका पोलिसाने दारूच्या नशेत बसथांब्यावर नवऱ्यासोबत उभ्या असलेल्या विवाहितेची छेड काढली, असा आरोप होता. खात्याने चौकशी करून त्याला काढलं. फौजदारी खटल्यात नवरा-बायको दोघंही फितूर झाले आणि तो सुटला. मद्रास उच्च न्यायालयाने त्या सुटकेच्या आधारे खात्याचा आदेश रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो पुन्हा कायम केला. साक्षीदार फिरल्यामुळे झालेली सुटका आणि आरोप निखालस खोटा ठरल्यामुळे झालेली सन्मानपूर्वक सुटका यांत फरक आहे, असं त्या निकालात म्हटलंय. कोठडीतल्या मारहाणीच्या प्रकरणांत साक्षीदार फिरणं नेहमीचं असल्याने हा निकाल महत्त्वाचा आहे.

शिक्षा कोणत्या?

हलक्या शिक्षांमध्ये ताकीद, सेवापुस्तकात नोंदवला जाणारा ठपका, जादा कवायत, एका महिन्याच्या पगारापर्यंत दंड आणि वेतनवाढ रोखणं येतं. जड शिक्षा म्हणजे पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणं आणि बडतर्फी. शेवटच्या दोन सारख्या वाटतात, पण काढून टाकलेल्या माणसाला पुढे दुसरी सरकारी नोकरी मिळू शकते, बडतर्फ झालेल्याला सर्वसाधारणपणे नाही.

आदेशावर खात्यात वर अपील करता येतं. त्यानंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. १९९१ मध्ये सुरू झालेल्या या न्यायाधिकरणाची पीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. मॅट पुरावे नव्याने तोलत नाही. प्रक्रिया पाळली का, निष्कर्षाला काही तरी पुरावा आहे का आणि शिक्षा धक्का बसावा इतकी अवाजवी आहे का, हे पाहतं. खात्याने घिसाडघाईत एखादी पायरी गाळली की प्रकरण इथेच पडतं.

तक्रारदाराला काय कळतं?

फारच थोडं. गिरीश देशपांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं की कर्मचाऱ्याला दिलेल्या कारणे दाखवा नोटिसा, ज्ञापनं, शिक्षेचे आदेश ही वैयक्तिक माहिती आहे. मोठं सार्वजनिक हित दाखवल्याशिवाय ती माहिती अधिकारात मिळत नाही. म्हणजे मार खाल्लेल्या माणसाच्याच तक्रारीवरून चौकशी होते, त्याच्याच जबाबावर ती उभी राहते, आणि निकाल काय लागला हे विचारायला गेला तर 'वैयक्तिक माहिती' असं उत्तर येऊ शकतं. मला हे अन्यायाचं वाटतं. नोकराचे वैद्यकीय तपशील वा घरचे प्रश्न झाकून ठेवावेत. पण गणवेशात केलेल्या मारहाणीबद्दल त्याला काय शिक्षा झाली, हे ज्याच्या अंगावर वळ उठले त्याला कळलंच पाहिजे. चौकशी अहवालाची एक प्रत तक्रारदाराला द्यायची आणि त्याची साक्ष पोलीस कार्यालयाबाहेर घ्यायची, एवढे दोन बदल केले तरी खूप फरक पडेल.

खात्याबाहेरच्या वाटा

तोवर खातेनिहाय चौकशीवर विसंबून राहू नये. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सात निर्देश दिले. त्यातला एक स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरणाचा होता. महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने पोलीस अधिनियमात राज्य आणि विभाग स्तरावर अशी प्राधिकरणं आणली. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, बेकायदा अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन बळकावणं अशा तक्रारी तिथे नेता येतात. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही जाता येतं, मात्र घटनेपासून एका वर्षाच्या आत.

पोलिसाचं कृत्य गुन्हा असेल तर त्याच्यावर गुन्हा नोंदवण्याची मागणी वेगळी करावी लागते, चौकशी सुरू आहे म्हणून ती आपोआप होत नाही. ठाण्याने नकार दिला तर अधीक्षकांकडे लेखी अर्ज, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते आणि पूर्वी ही फाइल वर्षानुवर्षं पडून राहायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ नुसार सरकारने १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. खातेनिहाय चौकशीला अशी मंजुरी कधीच लागत नव्हती.

नुकसानभरपाई खातेनिहाय चौकशीतून मिळत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा यांच्या बावीस वर्षांच्या मुलाचा कोठडीत मृत्यू झाला. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दीड लाख रुपये भरपाई दिली आणि अशा प्रकरणात सरकारला सार्वभौमत्वाची ढाल पुढे करता येणार नाही, असं ठरवून दिलं.

कोणतीही वाट धरली तरी पहिल्या काही दिवसांत जमवलेला पुरावा निर्णायक ठरतो. अंगावर खुणा असतील तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासणी करून कागद घ्यावा. दंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं तर मारहाण झाली हे तिथेच सांगावं आणि ते नोंदवून घ्यायला लावावं. पोलिसाचं नाव कळलं नसेल तर बक्कल नंबर, गाडीचा नंबर, वेळ लिहून ठेवावी. तक्रारीच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. आणि ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणी त्याच अर्जात तारीख-वेळेसह करावी. परमवीरसिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीच्या आत-बाहेर आणि मार्गिकांमध्ये कॅमेरे बसवायला आणि चित्रीकरण १८ महिने ठेवायला सांगितलं आहे. 'कॅमेरा बंद होता' असं उत्तर आलं तर तेही लेखी मागावं, कारण कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी त्या निकालाने ठाणेप्रमुखावर टाकली आहे आणि ती न पाळणं हा स्वतंत्र दोषारोप होऊ शकतो.